कारागृहांचे यात्रिक जॉन हॉवर्ड

न्यायासनाने ज्याला निर्दोष ठरविले तो मनुष्य त्याच दिवशी आपल्या घरी जावयाचा, ही गोष्ट आज इतकी स्वयंसिद्ध वाटते की, तिच्यासाठी कोणाला झगडावे लागले असेल असे मनातही येत नाही. परंतु अठराव्या शतकात, आपल्या कायद्यांचा विलक्षण अभिमान बाळगणाऱ्या इंग्लंडात तसे नव्हते. तेथे निर्दोष ठरलेल्या माणसाला न्यायाधीशांसमोरून पुनः तुरुंगात नेत आणि तुरुंगाधिकाऱ्याचे देणे चुकते केल्यावाचून त्याची सुटका होत नसे. ज्याच्याजवळ देण्यास काही नसे तो निर्दोष असूनही महिनोन्‌महिने तेथेच खितपत पडे. हा अन्याय पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या डोळ्यांदेखत चालला होता. न्यायाधीश तो जाणत होते, जमीनदार जाणत होते, धर्मोपदेशकही जाणत होते. १७७३ साली सत्तेचाळिसाव्या वर्षात असलेल्या, प्रकृतीने दुबळ्या अशा एका विधुर गृहस्थांनी तो पाहिला आणि त्यानंतर मृत्यूपर्यंतच्या सतरा वर्षांत त्यांना दुसरे काही सुचले नाही. त्या गृहस्थांचे नाव जॉन हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म १७२६ साली लंडनजवळ झाला. वडील गालिच्यांचे व गृहशोभेच्या सामानाचे संपन्न व्यापारी होते. आई बालपणीच निवर्तली. मुलाची प्रकृती नाजूक, म्हणून त्याला बेडफर्डजवळील कार्डिंग्टन या खेड्यात वाढविण्यात आले. विद्येत त्याने काही चमक दाखविली नाही. स्वतःची मातृभाषासुद्धा निर्दोष लिहिणे हॉवर्ड यांना अखेरपर्यंत साधले नाही. त्यांचे पुढे जगप्रसिद्ध झालेले ग्रंथ विद्वान मित्रांच्या हातून शुद्ध होऊनच छापखान्यात गेले. घराणे राजमान्य चर्चपासून पृथक् असलेल्या एका कडक पंथाचे होते. साधा आहार, वेळेचा काटेकोरपणा, पै-पैचा हिशेब आणि प्रत्येक क्षणाचे उत्तर ईश्वरासमोर द्यावयाचे आहे ही अखंड जाणीव, असे त्या पंथाचे वळण होते. १७४२ मध्ये वडील वारले तेव्हा हॉवर्ड एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे उमेदवारी करीत होते. वारसाहक्काने पुष्कळ संपत्ती हाती आली, उमेदवारी सुटली, आणि पोट भरण्यासाठी काही करण्याची गरज उरली नाही.

त्यांच्या स्वभावाचा एक नमुना याच काळातला आहे. लंडनबाहेर ते भाड्याने राहत असता फार आजारी पडले. घराची मालकीण वयाने त्यांच्या जवळजवळ दुप्पट, स्वतः रोगजर्जर आणि विधवा होती. तिने त्यांची अशी शुश्रूषा केली की, बरे झाल्यावर या उपकाराची फेड विवाहानेच होईल असे त्यांनी ठरविले, आणि तिच्या नकाराला न जुमानता ते सिद्धीसही नेले. लोक हसले. तीन-एक वर्षांनी, १७५५ मध्ये, ती वारली. ऋण मनात आले की ते पूर्ण फेडावयाचे, मग त्यासाठी काय सोडावे लागेल याचा विचार करावयाचा नाही, ही त्यांची रीत पुढे मोठ्या क्षेत्रात दिसावयाची होती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लिस्बन नगर भूकंपाने उद्‌ध्वस्त झाले. ते पाहण्यासाठी व जमल्यास तेथे काही साहाय्य करण्यासाठी हॉवर्ड जहाजाने निघाले. वाटेत फ्रेंच खाजगी युद्धनौकेने ते जहाज पकडले आणि सर्व उतारूंना ब्रेस्टच्या किल्ल्यातील अंधारकोठडीत टाकले. तत्पूर्वी जहाजावर त्यांना कित्येक तास पाण्याचा थेंबही मिळाला नव्हता. किल्ल्यात मांसाचा एक मोठा तुकडा भुकेल्या माणसांत फेकण्यात आला. सुरी नव्हती, तेव्हा तो त्यांनी श्वापदांप्रमाणे दातांनी तोडला. रात्री दगडी जमिनीवर पेंढा अंथरून झोपावे लागे. पुढे वचनावर सुटून हॉवर्ड इंग्लंडला परतले, ते मागे राहिलेल्या सोबत्यांची हकीकत संबंधित सरकारी कचेरीत सांगण्यासाठीच. आणि त्या प्रयत्नाने इतर बंदिवानांचीही सुटका झाली. मात्र यातून लगेच काही जीवनव्रत उत्पन्न झाले, असे समजू नये. ते कार्डिंग्टनला गेले, जमिनीची व्यवस्था पाहू लागले, हवामानाच्या नोंदी ठेवू लागले. १७५८ मध्ये त्यांनी हेन्रिएटा लीड्स हिच्याशी दुसरा विवाह केला. पतिपत्नींनी मिळून कुळांची दमट, पडकी घरे पाडून नवी बांधली, मुलांसाठी शाळा काढल्या. १७६५ मध्ये मुलाच्या जन्मानंतर चारच दिवसांनी हेन्रिएटा वारली. मुलाचे नावही जॉनच होते. घरात त्याला जॅक म्हणत. त्याच्या नशिबी काय आले ते पुढे येईल.

१७७३ मध्ये हॉवर्ड यांची बेडफर्ड परगण्याच्या हाय शेरीफपदी नेमणूक झाली. मुंबईचे शेरीफपद ज्यांच्या ऐकण्यात आहे त्यांना या पदाची कल्पना येईल. ते मानाचे पद होते. न्यायाधीशांच्या स्वागताला रथातून जावे, भोजने द्यावीत आणि तुरुंगाचे काम दुय्यम अधिकाऱ्यांवर सोपवून स्वस्थ असावे, अशी रूढी होती. हॉवर्ड भिन्न पंथाचे असल्यामुळे कायद्याने ते या पदास पात्रच नव्हते, आणि ते स्वीकारण्यात जबर दंडाची भीती होती. त्यांनी ते स्वीकारले, आणि कोणीही न सांगता तुरुंग पाहावयास गेले. एका शतकापूर्वी याच बेडफर्डच्या कारावासात जॉन बन्यन यांनी बारा वर्षे काढली होती. हरि केशवजींच्या ‘यात्रिकक्रमण’ या भाषांतरामुळे त्यांचा रूपकग्रंथ मराठीस एकोणिसाव्या शतकातच परिचित झाला आहे.

बेडफर्डला हॉवर्ड यांना जे आढळले त्याचा उल्लेख आरंभी आलाच आहे. काहींना ज्यूरीने निर्दोष ठरविले होते. काहींच्या विरुद्ध खटला चालविण्याइतका पुरावाच मिळाला नव्हता. काहींचे फिर्यादी न्यायालयात उभेच राहिले नव्हते. तरीही ते सर्व आत होते. कारण तुरुंगाधिकाऱ्याची पंधरा शिलिंग चार पेन्स आणि किल्लीदाराची दोन शिलिंग, अशी सतरा शिलिंग चार पेन्सची फी त्यांनी भरली नव्हती. मजुराला इतके पैसे गाठीस बांधण्यास कित्येक आठवडे लागत, आणि तुरुंगात बसून तर ते कधीच बांधता येत नसत.

हॉवर्ड तुरुंगाधिकाऱ्यावर रागावले नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तो क्रूर होता म्हणून हे घडत नव्हते. त्याला वेतनच नव्हते, आणि कैद्यांकडून जे मिळे त्यावर त्याचा प्रपंच चाले. तेव्हा त्याला परगण्याच्या तिजोरीतून पगार द्यावा म्हणजे फी बंद होईल, असा साधा उपाय हॉवर्ड यांनी दंडाधिकाऱ्यांपुढे मांडला. दंडाधिकाऱ्यांनी तो नाकारला नाही, परंतु असा खर्च दुसऱ्या कोणत्या परगण्याने केला असल्यास त्याचा दाखला आणा, असे सांगितले. लोकांना टाळण्याची ही सरकारी तऱ्हा नवी नाही. दाखला मागितला की मागणारा बहुधा घरी बसतो. हॉवर्ड घोड्यावर बसले. शेजारच्या परगण्यांत त्यांना दाखला मिळाला नाही. बेडफर्डहून वाईट तुरुंग मात्र मिळाले. ते पुढे गेले, मग आणखी पुढे गेले, आणि अशा रीतीने पगाराचा दाखला शोधता शोधता सर्व इंग्लंड व वेल्समधील कारागृहे त्यांच्या पायांखालून गेली.

त्या काळच्या तुरुंगाची रचना समजून घेतल्यावाचून या मनुष्याच्या कार्याचे मोल कळणार नाही. तुरुंग ही शिक्षा भोगण्याची जागा नव्हती; ती वाट पाहण्याची जागा होती. चोर, दरोडेखोर यांना फाशी किंवा समुद्रापार हद्दपारी असे आणि तोवर ते तेथे ठेवले जात. बाकीचे बहुतेक कर्ज न फेडल्यामुळे सावकाराने अडकविलेले असत. १७७६ मध्ये हॉवर्ड यांनी स्वतः मोजदाद केली तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये एकूण ४,०८४ बंदिवान होते आणि त्यांपैकी २,४३७ केवळ ऋणको होते. तुरुंग चालविणे हा एक धंदाच होता. कित्येक तुरुंग खाजगी मालकीचे. एलीचा तुरुंग तर तेथल्या बिशपच्या मालकीचा होता. ती इमारत कमकुवत, म्हणून पूर्वी तेथे कैद्यांना जमिनीवर उताणे निजवून साखळदंडाने जखडीत, गळ्यात खिळ्यांचे लोखंडी कडे घालीत आणि पायांवर जड पहार ठेवीत. भिंत दुरुस्त करण्यापेक्षा हे स्वस्त पडे. बेड्या हलक्या हव्या असतील तर पैसे, पेंढ्याऐवजी बिछाना हवा असेल तर पैसे. तुरुंगातच मद्याचे दुकान असे आणि त्याचा नफा अधिकाऱ्याचा, म्हणून कैद्यांनी प्यावे यातच त्याचे हित. सरकारचा खिडक्यांवर कर होता आणि तोही त्यालाच भरावा लागे. म्हणून तो खिडक्या बुजवून टाकी आणि आतली माणसे हवेवाचून घुसमटत. कित्येक ठिकाणी चोराला पावाचा तुकडा तरी मिळे. ऋणकोला काहीच मिळत नसे.

आतल्या लोकांचेही एक राज्य होते आणि त्याचे कायदे बाहेरच्यांइतकेच कठोर होते. नवा कैदी आला की जुने कैदी त्याच्याकडून ‘गार्निश’ नावाची पट्टी मागत. ती त्याने दिली नाही तर अंगावरचे कपडे उतरवून घेत. मग तो बिचारा थंडीत दमट जमिनीवर पडून आजारी होई. मिळालेल्या पैशाची दारू येई. पहिल्यांदाच पकडलेली लहान मुले निर्ढावलेल्या दरोडेखोरांजवळ बसून रात्रभर त्यांच्या पराक्रमांच्या कथा ऐकत. पुष्कळ ठिकाणी स्त्रिया व पुरुष एकत्र, आणि वेडे लोकही त्यांच्यातच. लंडनच्या फ्लीट या ऋणकोंच्या तुरुंगात हॉवर्ड गेले तेव्हा अंगणात चेंडूचे खेळ चालले होते आणि बाहेरच्या बाजारातील खाटीकही एखाद्या गुत्त्यात यावे तसे आत येऊन खेळत होते. तेथे सोमवारी रात्री मद्याची बैठक बसे आणि गुरुवारी बिअरची. त्याच वेळी वरच्या मजल्यावर ऋणकोंची बायकामुले उपाशी असत. जेथे अधिकारी केवळ वसुलीपुरता असतो तेथे आतली सत्ता बलिष्ठांच्या हाती जाते, हा धडा हॉवर्ड यांनी या अंगणात घेतला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बंधनागारातील स्त्रीपुरुषांची व्यवस्था पृथक् सांगितली आहे, आणि बंदिवानांचे अन्नपाणी रोखणाऱ्या वा त्यांना पीडा देणाऱ्या अधिकाऱ्यास दंडही सांगितला आहे. बंदिवानाचे रक्षण प्रथम त्याच्या रक्षकापासून करावे लागते, हे राज्यशास्त्राला ठाऊक होते. राज्यकर्त्यांना त्याचे विस्मरण झाले होते.

हॉवर्ड यांची पाहण्याची रीत अशी. पूर्वसूचना न देता तुरुंगाच्या दारी उभे राहावयाचे. बरोबर मोजण्याची फूटपट्टी, वजनकाटा, टिपणवही आणि शिरक्याची कुपी. प्रत्येक कोठडीत स्वतः उतरावयाचे, अधिकारी दारातच थांबला तरी. लांबी, रुंदी, उंची मोजावयाची, पाव तोलावयाचा, पाणी कोठून येते ते पाहावयाचे, फीचा तक्ता उतरून घ्यावयाचा. प्लिमथ येथे त्यांनी मोजलेली एक कोठडी सतरा फूट लांब, आठ फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच होती, म्हणजे त्यात मनुष्याला ताठ उभेही राहता येत नव्हते. दाराला सात इंच बाय पाच इंच एवढे एकच भोक होते. हद्दपारीची शिक्षा झालेले तीन पुरुष तेथे सुमारे दोन महिने होते आणि ते आळीपाळीने त्या भोकाशी येऊन श्वास घेत. हॉवर्ड यांच्यासाठी ते दार पाच आठवड्यांनी प्रथम उघडले गेले. नेअर्सबरोच्या तुरुंगात एका खोलीतून उघडे गटार वाहत होते. तेथे पूर्वी काही दिवस अटकेत असलेल्या एका माणसाने उंदरांपासून रक्षणासाठी कुत्रा जवळ ठेवला होता. उंदरांनी कुत्रा तर मारलाच, त्या माणसाच्या तोंडाचेही लचके तोडले. या गोष्टी लिहिताना हॉवर्ड विशेषणे वापरीत नाहीत. ते मापे देतात आणि पुढच्या गावाकडे वळतात.

या फिरण्यात जिवाचा धोका होता. तुरुंगज्वर म्हणून जो रोग प्रसिद्ध होता तो टायफस. तो उवांमुळे पसरतो हे १९०९ मध्ये सिद्ध झाले. त्या वेळी दुर्गंध हेच त्याचे कारण समजत. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात कैद्यांबरोबर हा ज्वर आला आणि लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश व इतर मिळून पन्नासांहून अधिक माणसे दगावली. देशात फाशीने जेवढे कैदी मरतात त्यांहून अधिक या ज्वराने मरतात, असे हॉवर्ड यांचे अनुमान होते. तुरुंगातून आल्यावर त्यांच्या कपड्यांना असा वास येई की, बंद गाडीत बसणे त्यांना अशक्य होई. म्हणून ते उघड्या हवेत घोड्यावरूनच प्रवास करीत. टिपणवहीची पानेसुद्धा विस्तवासमोर शेकल्यावाचून वापरता येत नसत.

१७७४ च्या मार्चमध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. त्यांचे ज्ञान इतके नेमके होते की, एवढा प्रवास त्यांनी कोणाच्या खर्चाने केला असे एका सभासदाने विचारले, असे सांगतात. स्वखर्चाने कोणी असे करील हे त्याला खरे वाटेना. सभागृहाने त्यांचे जाहीर आभार मानले आणि त्याच वर्षी दोन कायदे झाले. पहिल्याने निर्दोष ठरलेल्यांची फी बंद होऊन ती रक्कम परगण्याने द्यावी असे ठरले. दुसऱ्याने भिंतींना दरवर्षी चुना देणे, हवा खेळती ठेवणे, आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या, स्नानाची सोय व वैद्य या गोष्टी आवश्यक केल्या. दुसरा कोणी येथे कृतकृत्य होऊन थांबला असता. हॉवर्ड यांनी ते कायदे स्वखर्चाने छापून प्रत्येक तुरुंगाकडे पाठविले आणि मग ते पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी पुनः घोडा काढला. बहुतेक ठिकाणी पाळले जात नव्हते. पुण्यकर्म एकदा करणे पुष्कळांना साधते. त्याच कोठडीत दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा उतरून चुना लागला का हे पाहणे फारच थोड्यांना. सर्व कैद्यांची फी कायमची बंद होण्यास १८१५ साल उजाडावे लागले.

१७७७ मध्ये त्यांचा ‘इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांची स्थिती’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो सर्वांच्या हाती पडावा म्हणून त्यांनी खर्चाहूनही कमी किंमत ठेवली. एव्हाना त्यांचा संचार युरोपभर सुरू झाला होता. ॲम्स्टरडॅमला कैदी कठीण रंगलाकडाचा कीस काढीत. हॉलंडमध्ये तुरुंग स्वच्छ होते आणि प्रत्येकाला काम होते. गेंटचे नवे कारागृह त्यांना आदर्श वाटले, कारण तेथे रात्री प्रत्येकास वेगळी खोली आणि दिवसा सर्वांना मागावर काम मिळे. परंतु १७८३ मध्ये ते पुनः गेले तेव्हा माग बंद झालेले होते. बाहेरच्या कारखानदारांनी तक्रार केली आणि सम्राटांनी ती ऐकली. कैदी रिकामे बसले आणि शिस्त गेली. स्वदेशातही, अमेरिकेतील युद्धामुळे हद्दपारी थांबल्यावर टेम्स नदीतील जुन्या नौकांवर कैदी ठेवू लागले. तेथे नौकेच्या अधिकाऱ्याने त्यांना उत्तम बिस्किटे दाखविली. हॉवर्ड आभार मानून निघाले नाहीत. कैद्यांचे जेवण वर येईपर्यंत ते तेथेच थांबले, आणि वाढण्यात आलेली बिस्किटे दोन्ही बाजूंनी हिरवी बुरसलेली निघाली.

त्यांचा आहार दूध, पाव, फळे, भाज्या व चहा एवढाच असे. मांस व मद्य त्यांनी वर्ज्य केले होते. एवढ्यावर ते रात्रंदिवस प्रवास करीत. १७८३ पर्यंत त्यांनी आपल्या प्रवासाची बेरीज ४२,०३३ मैल अशी मांडून ठेवली आहे; तो शेवटचा तीनाचा आकडाही त्यांच्या स्वभावाचाच भाग होय. राजदरबारांची त्यांना ओढ नव्हती. रशियाच्या सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने राजवाड्यात बोलाविले असता, आपण तुरुंग पाहावयास आलो आहोत, राजवाडे नव्हे, असे कळवून ते गेले नाहीत. रशियात देहांताची शिक्षा नाही अशी ख्याती होती. हॉवर्ड थेट चाबूक मारणाऱ्या सरकारी माणसाच्या घरी गेले, आणि त्या चाबकाने मनुष्य मारण्याचेही गुप्त हुकूम येतात हे त्याच्याच तोंडून त्यांनी वदवून घेतले.

१७८५ मध्ये ते प्लेगच्या शोधार्थ निघाले. बंदरांतील लॅझरेटो, म्हणजे क्वारंटाईनची घरे, हेही एक प्रकारचे कारागृहच होते, आणि त्याचे अंतरंग बाहेरून दिसत नसे. म्हणून स्मर्ना येथे त्यांनी मुद्दाम प्लेगची शंका असलेल्या जहाजाची निवड केली आणि बंदिवान होऊन ते व्हेनिसला पोचले. घाणीने भरलेल्या खोलीत त्यांचे डोके रात्रंदिवस दुखू लागले. अखेर त्यांनी चुना मिळविला, तो कढत पाण्यात कालवून भिंती पांढऱ्या करून घेतल्या, आणि प्रकृती सुधारली. वर्षानुवर्षे ते तुरुंगाधिकाऱ्यांना जे सांगत आले होते, तेच औषध त्यांनी स्वतःवर करून पाहिले.

त्या खोलीत त्यांना इंग्लंडहून दोन वार्ता मिळाल्या. पहिली अशी की, त्यांचा पुतळा उभारण्यासाठी लोकांनी पंधराशे पौंडांहून अधिक वर्गणी जमविली आहे. त्यांना लज्जेने व संतापाने झोप येईना; त्यांनी पत्रामागून पत्रे लिहून ती योजना मोडून काढली. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र कोणाचे काही चालले नाही. १७९६ मध्ये लंडनच्या सेंट पॉल मंदिरात त्यांचा पुतळा बसविण्यात आला, आणि त्या मंदिरात बसविलेला तो पहिलाच पुतळा होय. दुसरी वार्ता जॅकची होती. ज्या नोकरावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, जो त्यांच्याबरोबर तुरुंगांतून हिंडला होता, त्यानेच मुलाला लहान वयात दुराचाराच्या मार्गाला लावले होते. आता त्याचे शरीर व मन दोन्ही बिघडली होती. १७८७ च्या आरंभी हॉवर्ड घरी पोचले तेव्हा मुलगा वेडाच्या भरात हिंस्र झाला होता, आणि वडिलांना पाहताच तो अधिक खवळे.

येथे चरित्रकार दोन पक्षांत विभागले गेले आहेत. हॉवर्ड यांच्या कडकपणामुळे मुलगा वेडा झाला असे त्यांचे निंदक म्हणत. ते पुराव्यास उतरत नाही. पण त्यांचे स्तुतिपाठक जे झाकून ठेवतात तेही खरे आहे. आई नसलेल्या मुलाला त्यांनी चार-पाच वर्षांचा असतानाच परक्यांच्या शाळेत ठेवले, आज्ञापालन शिकविले, सुट्टीत भेटत राहिले आणि उरलेले वर्ष दूरवरच्या कोठड्यांना दिले. पूर्वसूचनेवाचून दार ठोठावून आत काय चालले आहे हे पाहण्याची जी रीत त्यांनी सर्व युरोपला लावली, ती आपल्या घराला लावली नाही. सार्वजनिक कार्याला वाहून घेतलेल्या कित्येकांच्या घरी हेच घडले आहे, आणि त्या कार्याच्या थोरवीने घरातल्यांचे दुःख लहान होत नाही. हॉवर्ड यांनी मुलाला प्रथम कार्डिंग्टन येथे आपल्याच घरी जपून ठेवले. पुढे त्याला लीस्टर येथील वेड्यांच्या उपचारगृहात हलवावे लागले. तो तेथेच १७९९ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारला.

घरच्या या दुःखातही त्यांचे लेखन चालू होते. १७७९ च्या कायद्याने सरकारने नवी सुधारगृहे बांधण्याचे ठरविले होते आणि हॉवर्ड यांना तीन देखरेखदारांत घेतले होते. परंतु जागा कोणती यावरच दोन वर्षे वाद होऊन हॉवर्ड बाहेर पडले, आणि त्या कायद्याखाली एकही सुधारगृह उभे राहिले नाही. त्यांचा आग्रह रात्री प्रत्येकास स्वतंत्र खोली मिळावी एवढा होता. दिवसरात्र संपूर्ण एकांत मनुष्याच्या मनाला सोसत नाही व तो त्याला वेड वा निराशेकडे नेतो, असे त्यांनी १७८९ च्या आपल्या लॅझरेटोविषयक ग्रंथात बजावून ठेवले. तरीही त्यांच्या मागून आलेल्या सुधारकांनी एकांत तेवढा उचलला. १८४२ मध्ये उघडलेल्या लंडनच्या पेन्टनव्हिल तुरुंगात कैद्यांना महिनोन्‌महिने वेगळे ठेवीत आणि कोठडीबाहेर काढताना तोंडावर मुखवटा घालीत. तेथे कित्येकांची बुद्धी भ्रमली. दुर्गंधी गेली, उवा गेल्या, मद्याचे दुकान गेले. आणि जे दुःख टिपणवहीत मोजता येत नाही ते आत शिरले.

१७८९ च्या जुलैत हॉवर्ड अखेरच्या प्रवासास निघाले. त्याच महिन्यात पॅरिसमध्ये बॅस्टिल पडले. हा तुरुंग त्यांना आतून पाहू दिला गेला नव्हता, आणि त्याविषयीचे एक दडपलेले पुस्तक इंग्रजीत आणल्याबद्दल फ्रान्सचे सरकार त्यांच्यावर रुष्ट होते. ते रीगा, सेंट पीटर्सबर्ग, मॉस्को करीत दक्षिणेस नीपर नदीवरील खेरसोन येथे पोचले. हे नगर आज युक्रेनमध्ये आहे. तेथे तुर्कांशी चाललेल्या युद्धातील रशियन सैनिक लष्करी इस्पितळांत कुत्र्याच्या मौतीने मरत होते. हॉवर्ड आपली वही घेऊन खाटांमधून हिंडू लागले. नगरापासून कित्येक मैलांवर एक तरुणी ज्वराने आजारी होती. तिला पाहण्यासाठी ते थंडी-पावसात घोड्यावरून गेले. ती वाचली नाही, आणि तिचाच ज्वर बहुधा त्यांना झाला. २० जानेवारी १७९० रोजी त्यांचा अंत झाला.

मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या एका मित्रास जागा दाखवून ठेवली होती. नगराजवळच्या एका खेड्यात आपणांस पुरावे, समारंभ करू नये, स्मारक बांधू नये, हवी तर थडग्यावर एक सूर्यघटिका ठेवावी आणि आपल्याला विसरून जावे, एवढेच त्यांचे मागणे होते. प्रत्यक्षात अंत्ययात्रेला अधिकाऱ्यांच्या गाड्या, घोडेस्वार आणि हजारो लोक लोटले. नंतर तेथे गेलेल्या एका इंग्रज प्रवाशाला थडग्यावर सूर्यघटिका दिसली नाही. तेथे विटांचा एक लहानसा मनोरा बांधलेला होता.